झोपवायचं कोणी? कर्नेल आणि फर्मवेअरमधली जुनी ओढाताण

झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो. पण त्याला झोपवायचं कोणी, यावर तीसेक वर्षं ओढाताण चालली आहे.

१९९२ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने एपीएम ही वीज वाचवण्याची पद्धत आणली तेव्हा सूत्रं बायोसच्या, म्हणजे मशीनच्या चिपमध्येच बसवलेल्या फर्मवेअरच्या, हातात होती. डिस्क थांबवणं, स्क्रीन विझवणं हे तो बऱ्याचदा परस्पर उरकायचा, कर्नेलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, पत्ता नसायचा. डिसेंबर १९९६ मध्ये तोशिबाला सोबत घेऊन याच दोघांनी एसीपीआय हे नवं मानक काढलं आणि कारभार ऑपरेटिंग सिस्टिमकडे आला. एस३ म्हणजे फक्त रॅमला वीज चालू, एस४ म्हणजे रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवून मशीन बंद, ही नावं तिथलीच.

कारभार आला, तशी डोकेदुखीही आली. झोपवणं त्यामानाने सोपं. एस३ मधून उठणारा एक्स८६ प्रोसेसर १६-बिट रिअल मोड या जुन्या, साध्या अवस्थेत डोळे उघडतो. कर्नेलने आधीच एका ठरावीक तक्त्यात लिहून ठेवलेल्या पत्त्यावर फर्मवेअर उडी मारतं आणि तिथला असेंब्लीचा छोटा तुकडा पेजिंग (मेमरीची मांडणी), रजिस्टरं (प्रोसेसरच्या आतल्या नोंदी), सगळं पूर्ववत करतो. मग डिव्हाइसेसची पाळी. आधी यूएसबी कंट्रोलर, मगच त्याला जोडलेला कीबोर्ड. झोपताना क्रम नेमका उलटा. लिनक्स २.६ मधलं डिव्हाइस मॉडेल उभं राहिलं त्यामागे हा क्रम सांभाळणं हे एक मोठं कारण होतं.

तरी पंखा फिरतोय आणि स्क्रीन काळी, हे दृश्य त्या काळात नेहमीचं. लॉग कुठे बघणार? कन्सोलच झोपलेला. २००६ साली लिनक्सचा जनक लिनस टॉरवल्ड्सने यावर भन्नाट जुगाड केला: जागं होताना गाडी कुठवर आली याची खूण रिअल टाइम क्लॉकमध्ये लिहायची, कारण रीबूटनंतरही तेवढंच टिकतं. घड्याळ चुकायचं, पण अडलेला ड्रायव्हर (डिव्हाइस चालवणारा कोड) सापडायचा.

पुढे फोनने सवयी बिघडवल्या. झोपेतही मेसेज यायला हवेत! विंडोज ८ ने २०१२ मध्ये कनेक्टेड स्टँडबाय आणलं, २०१३ मध्ये लिनक्स ३.९ ने सस्पेंड-टू-आयडल. इथे मशीन कागदोपत्री जागंच असतं. कर्नेलने सगळ्यांना गप्प बसवायचं, की हार्डवेअर आपोआप खोल उतरतं. एखादा ड्रायव्हर चुळबुळत राहिला, तर बॅगेतल्या बॅगेत बॅटरी संपते.

अनेक नव्या लॅपटॉपच्या फर्मवेअरमधून एस३ गायबच झालं आहे. तिथे लिनक्सला झोपेचे प्रकार विचारले, तर यादीत ‘डीप’ हा एस३ साठीचा शब्दच दिसत नाही.