सब-पॅनलची वायर किती जाड?

घराच्या दुसऱ्या टोकाला किंवा वरच्या मजल्यावर सब-पॅनल, म्हणजे मेन बोर्डावरून वीज घेऊन त्या भागात वाटणारा छोटा बोर्ड, बसवायचं ठरलं, की पहिला प्रश्न येतो मेन बोर्डापासून तिथवर ओढायच्या वायरचा. तांबं वितळतं १०८५ अंश सेल्सिअसला, पण त्यावरचं साधं पीव्हीसी सततच्या वापरात ७० अंशांपर्यंतच टिकतं. त्यापुढे ते हळूहळू कडक होतं, तडकतं. म्हणजे वायरची ताकद ठरते ती तिच्या आवरणावरून.

आवरण तापतं करंटमुळे, आणि तेही वर्गाच्या हिशेबाने: करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. मग तांबं चौपट घेतलं की करंटही चौपट नेता येईल? नाही. छेद, म्हणजे तारेच्या कापलेल्या तोंडाचं क्षेत्रफळ, चौपट केला तरी वायरचा घेर दुप्पटच होतो, आणि उष्णता बाहेर पडते ती पृष्ठभागातून. म्हणून २.५ चौरस मिमीच्या जागी १० चौरस मिमीची वायर घेतली तर करंट जेमतेम सव्वादोन ते अडीच पट नेता येतो. एकाच पाइपात अनेक वायरी कोंबल्या किंवा पाइप तापलेल्या छताखालून नेला, तर तेवढाही नाही.

आता अंतर. लोड ४० अँपिअर, पुरवठा २३० व्होल्ट, सब-पॅनल ३० मीटरवर. करंट जातो आणि परततो, म्हणून तांबं ६० मीटर धरायचं. कोणती वायर किती करंट नेते याच्या तक्त्यात ६ चौरस मिमीची वायर इथे कशीबशी बसते, पण वाटेतच ७.४ व्होल्ट गळतात आणि जवळपास ३०० वॅट भिंतीत उष्णता बनून जिरतात. १० चौरस मिमी घेतली तर हेच आकडे ४.४ व्होल्ट आणि १७५ वॅटवर येतात. हा हिशेब थंड वायरचा. ७० अंशांना तांब्याचा रोध आणखी २० टक्क्यांनी वाढतो. मी १० चौरस मिमीच घेईन.

एमसीबी, म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप बंद पडणारा स्विच, मुळात वायरला वाचवण्यासाठी असतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ४० अँपिअरचा एमसीबी सारखा पडतो म्हणून कुणी ६३चा बसवला, तर ६ चौरस मिमीची वायर आतल्या आत भाजत राहते आणि एमसीबीला पत्ता लागत नाही. लोड खरंच वाढला असेल तर आधी वायर बदलावी, मग एमसीबी.

न्यूट्रलही फेजइतक्याच जाडीचा हवा, कारण परतीचा सगळा करंट त्यातूनच जातो. आणि जोडणीचे स्क्रू नीट आवळलेले हवेत: सैल टर्मिनलवर रोध वाढतो आणि वायर कितीही जाड असली तरी तेवढी एक जागा तापते.