पॉइंट ३२ची गोळी अजून जुनीच का? थोडी पार्श्वभूमी

निवडणूक जाहीर झाली की करवीर, कागल, राधानगरीकडच्या पोलिस ठाण्यांत परवान्याची हत्यारं जमा होऊ लागतात. पीकरक्षणाच्या बाराबोअर बंदुका असतात, आणि स्वसंरक्षणाचं हत्यार असलं तर ते बहुधा कानपूरच्या सरकारी कारखान्याचं पॉइंट ३२ (नळीचं तोंड साधारण ०.३२ इंच) रिव्हॉल्वर. त्याचे मालक मोबाइलवर अमेरिकन व्हिडिओ बघतात. जेलीच्या ठोकळ्यात पाकळ्या फुटल्यासारखी उघडलेली गोळी दिसली की विचारतात, आपल्याला ही का मिळत नाही?

आत शिरल्यावर पसरणारी गोळी मुळात शिकाऱ्यांची. दाजीपूरचं रान करवीर संस्थानाची राखीव शिकार होतं, त्या काळात जाड हाडाच्या जनावराला घन गोळी आणि बाकीच्यांना मऊ टोकाची, हा हिशेब शिकाऱ्यांना पाठ असे. १८९०च्या दशकात कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात हीच कल्पना ब्रिटिश फौजेच्या रायफलीच्या गोळीला लावली गेली. वेब्ली या ब्रिटिश रिव्हॉल्वरसाठीही १८९८मध्ये पोकळ तोंडाची गोळी निघाली. पण १८९९च्या हेग परिषदेत शरीरात पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरायच्या नाहीत असं ठरलं, आणि वेब्लीची ती गोळी लवकरच मागे पडली. पुढे लष्करी पिस्तुलाची गोळी बहुतेक ठिकाणी गोल टोकाची, पूर्ण कवचाची (शिशावर तांब्यासारख्या धातूचं आवरण असलेली) झाली.

हेगचं बंधन लढाईपुरतं होतं. पोलिस आणि नागरिक त्यात येत नव्हते. तरी अमेरिकन पोलिसांनी पुढची साठेक वर्षं पॉइंट ३८ स्पेशल या रिव्हॉल्वरच्या काडतुसाची १५८ ग्रेनची (साधारण दहा ग्रॅमची) गोल शिशाची गोळीच वापरली. सवय मोडत नाही, दुसरं काय. फिलिपिन्समध्ये पॉइंट ३८च्या गोळीने शत्रू थांबत नाही, या अनुभवानंतर अमेरिकी लष्कराने १९०४मध्ये गुरांवर आणि मृतदेहांवर चाचण्या घेतल्या होत्या. त्यातून निघालेला निष्कर्ष एवढाच, की गोळी मोठी हवी. पॉइंट ४५ त्यातून आली. आकारावर भर होता, घडणीकडे कुणी फारसं बघितलं नाही.

१९६०च्या दशकात ली जुरास यांच्या सुपर व्हेल कंपनीने हलकी, वेगवान, पोकळ टोकाची, अर्ध्या कवचाची गोळी बाजारात आणली. आता भर वेगावर आला. मोठ्या कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. विंचेस्टरची सिल्व्हरटिप ही त्यातलीच, आणि तिच्याच वाट्याला सगळ्यात वाईट दिवस आला.

११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत दोन दरोडेखोरांशी एफबीआयची, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेची, चकमक झाली. त्यातल्या एकाच्या दंडातून ९ मिलिमीटरची सिल्व्हरटिप छातीत शिरली. जखम शेवटी जीवघेणीच होती, पण गोळी हृदयाच्या थोडी अलीकडे थांबली. तो लढत राहिला. दोन एजंट मेले, पाच जखमी झाले. मला विचाराल तर त्या गोळीवर अन्यायच झाला. पसरायचं आणि फार खोल जायचं नाही, हेच तर तिला सांगितलं होतं. पण एफबीआयने मागणीच बदलली. लष्करी शल्यचिकित्सक मार्टिन फॅकलर यांच्या जिलेटिनवरच्या (व्हिडिओतला जेलीचा ठोकळा तो हाच) कामाच्या आधाराने निकष ठरला : दहा टक्के जिलेटिनमध्ये गोळी किमान १२ इंच गेली पाहिजे, १८च्या पुढे नको. तेही जाड कपडे, प्लायवूड, पत्रा, गाडीची काच असे अडथळे पार करून.

गोळीची आजची घडण या परीक्षेतून आली. जुन्या पोकळ गोळीच्या तोंडात कापडाचा बोळा बसे आणि ती साध्या गोळीसारखी सरळ जाई. फेडरल कंपनीच्या हायड्रा-शॉक गोळीमध्ये पोकळीत मधोमध खांब आला. स्पीअरच्या गोल्ड डॉटमध्ये तांब्याचं कवच शिशावर विजेच्या मुलाम्याने चढवलं, त्यामुळे ते सुटेना. हॉर्नाडीने तर पोकळीत रबरासारखा मऊ प्लग भरला, म्हणजे कापड आत शिरायलाच जागा नाही. मायामीनंतर १९९०मध्ये पॉइंट ४० आली, गाजली, आणि गोळ्या सुधारल्यावर २०१४च्या सुमारास एफबीआय पुन्हा ९ मिलिमीटरकडे वळली.

आपल्याकडे ९ मिलिमीटर आणि पॉइंट ३८ प्रतिबंधित बोअरमध्ये पडतात, म्हणजे सामान्य नागरिकाला त्यांचा परवाना मिळत नाही. म्हणून कानपूरचं रिव्हॉल्वर दिसायला जुन्या वेब्लीच्या घराण्यातलं, पण पॉइंट ३२चं. त्याचं काडतूस खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं, रचना १८९६ची : ९८ ग्रेनची शिशाची गोल गोळी, वेग सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्या आतबाहेर. ९ मिलिमीटर तीनशे ते साडेतीनशेने जाते. इथेच मेख आहे. पोकळ टोक उघडायला वेग लागतो. बत्तीसच्या वेगाला, त्यात आखूड नळीतून, ते भरवशाने उघडत नाही. व्हिडिओतली गोळी या काडतुसात बसवली तरी व्हिडिओतला परिणाम येणार नाही. उलट न पसरणारी शिशाची गोळी सरळ जाते, त्यामुळे किती खोल जाते या निकषावर ती फार मागे नाही. जखम मात्र अरुंद करते, आणि पलीकडच्या माणसाचा धोका वाढवते.

गगनबावडा, राधानगरीच्या पावसात घडणीइतकाच प्रश्न काडतुसाच्या वयाचा. बरेच जण ती वर्षानुवर्षं कातडी पट्ट्यात खोचून कपाटात ठेवतात. कातडं कमावताना वापरलेल्या द्रव्यांमुळे पितळेवर हिरवट गंज चढतो, मग काडतूस रिव्हॉल्वरच्या घरात (चेंबरमध्ये) अडकतं. पट्टा वेगळा, काडतुसं कोरड्या डब्यात, आणि हिरवी पडलेली असतील तर ती परवानाधारक विक्रेत्याला दाखवायची, उडवून बघायची नाहीत.