बरं होईपर्यंत पूर्ण पगार: १८८४ ची मागणी आणि भरपाईचा कायदा

सप्टेंबर १८८४. कावसजी दावरांच्या पहिल्या कापड गिरणीची मुंबईत पायाभरणी होऊन तीस वर्षं झाली होती. ‘दीनबंधू’ या वृत्तपत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सरकारच्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवण्यासाठी एक निवेदन तयार झालं. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. आठवड्यातून रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच, पगार पंधरा तारखेच्या आत, अशा मागण्या त्यात होत्या. यातली रविवारची गोष्ट आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. १० जून १८९० ला ती सुट्टी मंजूर झाली.

त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती. काम करताना जबर दुखापत होऊन कामगार काही काळ अंथरुणाला खिळला, तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा. आणि कायमचा जायबंदी झाला, तर त्याच्या चरितार्थाची योग्य सोय व्हावी.

या मागणीची आठवण फारशी कुणी काढत नाही. मला मात्र कामावरच्या अपघाताच्या भरपाईचा विषय निघाला की पहिल्यांदा तीच आठवते. पुढच्या एकशेचाळीस वर्षांत कायदे झाले, दुरुस्त्या झाल्या, विमा आला, न्यायालयांनी मोठमोठे निकाल दिले. त्या सगळ्याला लावायची फूटपट्टी साडेपाच हजार लोकांनी आधीच आखून ठेवली होती.

त्या काळच्या गिरणीत दुखापत व्हायची कशी, हे डोळ्यांसमोर आणायला हवं. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर नव्हती. इंजिनाची ताकद छताजवळून फिरणाऱ्या लांब दांड्यावर यायची आणि तिथून चामडी पट्ट्यांनी खाली एकेका साच्यापर्यंत, म्हणजे मागापर्यंत, पोचायची. खात्यात दोन यंत्रांमधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. धोतराचा सोगा, सदऱ्याची बाही, बाईमाणसाचा पदर, काहीही पट्ट्यात सापडू शकायचं, आणि पट्टा माणसासाठी थांबत नाही. साच्यावरून धोटा उडाला तर समोरच्याच्या डोळ्यावर बसायचा. १८८१ च्या फॅक्टरी कायद्यानं धोकादायक यंत्रांना कुंपण घालायला सांगितलं होतं, पण शंभर किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कारखान्यांनाच. आणि कुंपण असूनही हात गेलाच, तर पुढे काय, यावर तो कायदा गप्प होता.

कागदावर एक वाट होती. १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्यानुसार मृताच्या वारसांना दावा लावता येत असे. पण त्यासाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागे. ती कशी करणार? ज्यांनी अपघात पाहिला ते सगळे त्याच गिरणीतले, त्याच जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या, हाताखालचे. जॉबर खूश तर उद्याचं काम, नाहीतर नाव कट. शिवाय इंग्रजी न्यायालयांनी मालकाला तीन भक्कम ढाली देऊन ठेवल्या होत्या. धोका माहीत असून तू नोकरी धरलीस. तुझा स्वतःचा निष्काळजीपणा होता. किंवा चूक तुझ्या सोबतच्या कामगाराची होती, मालकाची नव्हे. यातली तिसरी ढाल १८३७ च्या एका खटल्यातून आली. खाटकाकडे काम करणारा एक मुलगा प्रमाणाबाहेर लादलेली गाडी मोडून पडला आणि त्याची मांडी मोडली. त्याला दिलासा मिळाला नाहीच, उलट त्याच्या नावावरचा तो निकाल पुढे पिढ्यान्‌पिढ्या कामगारांच्या आड येत राहिला.

हे चक्र तोडणारी कल्पना जर्मनीतून आली. बिस्मार्कच्या काळातला अपघात विमा कायदाही १८८४ चाच. चूक कुणाची हे विचारायचंच नाही; अपघात कामामुळे झाला ना, मग भरपाई द्यायची. इंग्लंडनं १८९७ मध्ये हेच तत्त्व आपल्या पद्धतीनं घेतलं. यात एक देवाणघेवाण दडलेली आहे. कामगाराला चूक सिद्ध करण्याच्या जाचातून सुटका मिळते, पण रक्कम आधीच ठरवलेल्या कोष्टकातून येते आणि ती बहुधा खऱ्या नुकसानीपेक्षा कमीच असते. मालकाला अपघाताचा खर्च आगाऊ मोजता येतो, त्याचा विमा काढता येतो आणि तो मालाच्या किमतीत धरता येतो. कापूस, कोळसा, तेल तसाच कामगाराचा तुटलेला हात हाही धंद्याचा एक खर्च. ऐकायला कठोर वाटतं. पण आधी हा खर्च कुणाच्याच वहीत नव्हता. तो कामगाराच्या बायकोच्या मंगळसूत्रातून आणि पोरांच्या शाळेतून वसूल होत होता.

भारतात हा कायदा यायला १९२३ उजाडलं. पहिलं महायुद्ध संपलं होतं, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली होती, १९२० मध्ये आयटक ही देशव्यापी कामगार संघटना उभी राहिली होती. परळच्या वस्त्यांमध्ये सोशल सर्व्हिस लीगचं काम करणारे ना. म. जोशी १९२१ पासून मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडत होते. मार्च १९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाई कायदा मंजूर झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. त्याचं मर्म एका वाक्यात आहे: अपघात नोकरीतून उद्भवलेला हवा आणि नोकरी चालू असताना झालेला हवा. तसं असेल तर मालक देणं लागतो, चूक कुणाचीही असो. मृत्यू झाला तर तीस महिन्यांचा पगार किंवा अडीच हजार रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर बेचाळीस महिन्यांचा पगार किंवा साडेतीन हजार, पुन्हा कमी असेल ती. आणि जो बरा होऊन परत कामावर येणार आहे त्याला दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराचा चौथा हिस्सा, तोही कमाल पंधरा रुपये.

म्हणजे महिन्याला अर्धा पगार. लोखंड्यांच्या निवेदनात पूर्ण पगार होता.

कायद्याच्या शेवटी परिशिष्टं आहेत. त्यांतलं पहिलं सावकाश वाचावं. त्यात माणसाच्या शरीराचे टक्के लावलेले आहेत. दोन्ही हात गेले, १००. एका हाताची चारही बोटं, ५०. अंगठा, ३०. तर्जनी, १४. मधलं बोट, १२. दुसरा डोळा शाबूत असताना एक डोळा गेला, ४०. हे टक्के दुखण्याचे नाहीत, कमाई करण्याच्या ताकदीचे आहेत. तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य आजार आहेत. वर्षानुवर्षं कापसाची धूळ छातीत साठून होणारा बिसिनोसिस त्यात पुढे आला. गिरणगावात खोकत म्हातारे झालेल्या कितीतरी माणसांना आपल्या खोकल्याला कायद्यात नाव आहे, याचा पत्ताही नव्हता.

टक्क्यांचं हे कोष्टक यंत्रासारखं वापरायचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९७५ मध्ये स्पष्ट केलं. ओडिशातल्या जेपूरला एका चित्रपटगृहाचं नक्षीकाम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालकाचं म्हणणं, कोष्टकाप्रमाणे हे अंशतः अपंगत्व. न्यायालयानं विचार केला तो माणसाच्या धंद्याचा. एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून त्याच्यापुरतं नुकसान शंभर टक्के. त्याच निकालात आणखी एक मोलाची गोष्ट आहे: भरपाई देणं लागतं ते अपघाताच्या दिवसापासून, भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांनी निकाल दिल्यापासून नव्हे. आज महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर १२ टक्के व्याज चढतं आणि दिरंगाईला सबळ कारण नसेल तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड बसू शकतो. हा दंड मालकाच्या खिशातून जातो. वाहन अपघाताच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्येच सांगितलं की विमा कंपनी भरपाई आणि व्याज देईल, दंड नाही.

‘नोकरी चालू असताना’ या शब्दांवरून झालेली भांडणं तर वेगळ्या लेखाचा विषय होतील. त्यातलं एक मुंबईचंच. २० जुलै १९५७ ला बेस्टचा एक ड्रायव्हर आपली बस जोगेश्वरी डेपोत लावून ड्यूटी संपवतो आणि सांताक्रूझला घरी जायला बेस्टच्याच दुसऱ्या बसमध्ये चढतो. अंधेरीजवळ घोडबंदर रोडवर ती बस उभ्या लॉरीवर आदळते, तो रस्त्यावर फेकला जातो आणि सहा दिवसांनी मरण पावतो. ड्यूटी तर संपली होती, मग भरपाई कसली? १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, एवढ्या पसरलेल्या शहरात ड्रायव्हरांना या बसमधून ये-जा करण्याची मुभा आहे ती सेवा वेळेवर चालावी म्हणून. त्यामुळे घराकडचा तो प्रवासही नोकरीतच मोडतो. बायकोचा दावा टिकला.

दरम्यान दुसरा रस्ता तयार झाला होता. भरपाई एकट्या मालकावर टाकली की छोटा कारखानदार बुडतो, नाहीतर बुडवतो. त्यापेक्षा सगळ्यांनी थोडं थोडं भरावं, असा विचार पुढे आला. १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकरांकडे योजना आखण्याचं काम आलं आणि १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात तेव्हा मजूरमंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्या अहवालाच्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. आज मालक पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. ज्याचं ईएसआयचं, म्हणजे या राज्य विमा योजनेचं, कार्ड आहे त्याला कामावर दुखापत झाली तर उपचार मोफत आणि बरा होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के. कायमचं अपंगत्व आलं तर दरमहा पेन्शन. १८८४ च्या मागणीच्या सगळ्यात जवळ आपण पोचलो ते इथे. दहा टक्क्यांचं अंतर राहिलं.

पण हे कार्ड २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना, आणि तेही योजना लागू असलेल्या आस्थापनेत. बाकीच्यांसाठी नोव्हेंबर २०२५ पर्यंत १९२३ चा कायदाच उरला होता. २००९ च्या दुरुस्तीनंतर त्याच्या नावात ‘वर्कमन’च्या जागी ‘एम्प्लॉयी’ आला, उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाकडून मिळण्याची तरतूद झाली आणि मृत्यूच्या भरपाईची किमान रक्कम १,२०,००० झाली. हिशेब असा. ईएसआयचं कार्ड नाही, वय तीस, पगार २०,०००, पत्रा दाबणाऱ्या प्रेसमध्ये उजव्या हाताचा अंगठा गेला. मात्र कायद्यानं पगार धरायची मर्यादा १५,०००, तीही जानेवारी २०२० पासून. आधी दहा वर्षं ती ८,००० होती. कायद्याच्या सूत्राप्रमाणे १५,००० चे ६० टक्के म्हणजे ९,०००. कायद्यात वयानुसार गुणक ठरलेला आहे, तिसाव्या वर्षाचा २०७.९८. त्यानं गुणून त्याचे अंगठ्यासाठीचे ३० टक्के: ५,६१,५४६ रुपये. पुढची तीस वर्षं त्या अंगठ्याविना काढायची आहेत. आणि उपचार चालू असेपर्यंत? अजूनही पंधरवड्याला पंचवीस टक्के, तेही त्याच मर्यादेच्या आतल्या पगारावर. महिन्याला फार तर ७,५०० रुपये.

एवढे तरी मिळतात का? प्रेसवरचं काम म्हणजे पायानं पेडल दाबायचं, हातानं पत्रा आत सरकवायचा, दिवसाला हजारो वेळा. नगाचा आकडा गाठायचा म्हणून सेन्सर बंद केलेला असतो किंवा हात वाचवणारं गार्ड काढून ठेवलेलं असतं. बोटं गेली की पहिलं वाक्य ऐकू येतं, ‘त्यानंच गार्ड काढलं.’ कामगारानं मुद्दाम गार्ड काढलं तर भरपाई नाकारता येते, हे खरंच कायद्यात आहे. मात्र मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर ही सबब चालत नाही. दुसरं वाक्य, ‘तो आमचा नाहीच, ठेकेदाराचा आहे.’ त्यालाही उत्तर १९२३ पासूनच कायद्यात आहे: मूळ मालकानं भरपाई द्यायची आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायची. तिसरं वाक्य नसतंच. काही हजार हातावर ठेवून कोऱ्या कागदावर सही घेतली जाते. भरपाईचा हक्क सोडल्याचा असा करार कायद्यानं शून्य आहे. ज्याच्याकडे हजेरीचा कागद नाही, पगाराची स्लिप नाही आणि ज्याचा हात बँडेजमध्ये आहे, त्याला हे सांगणारं बहुतेक वेळा शेजारी कुणी नसतं. दाव्याची मुदत दोन वर्षं आहे, हेही त्याला सांगायला हवं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९२३ चा कायदा तिच्यात विलीन झाला. घरातून कामावर जाता-येता झालेला अपघात, वेळ आणि जागेचा कामाशी संबंध असेल तर, आता सरळ भरपाईच्या कक्षेत आहे. त्याच्या चारच महिने आधी सर्वोच्च न्यायालयानं हाच अर्थ जुन्या कायद्यातून काढला होता, तो एका मराठी घराच्या प्रकरणात. साखर कारखान्याचा रखवालदार. पहाटे तीनची ड्यूटी. २२ एप्रिल २००३ ला मोटारसायकलवरून कामावर जाताना, कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. उस्मानाबादच्या आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये आणि १२ टक्के व्याज मंजूर केलं. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ते रद्द केलं, कारण तो अजून कामावर पोचला नव्हता. २९ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं आयुक्तांचा आदेश पुन्हा कायम केला. पहाटे तीनला हजर व्हायचं तर माणूस रात्रीच्या त्या वेळी त्या रस्त्यावर असणारच, हे मान्य व्हायला बावीस वर्षं लागली. रक्कम मात्र २००३ च्याच हिशेबाची राहिली, वर व्याज.