अबुलखैर खान एक नव्हे, दोन

कझाक इतिहासाची तोंडओळख करून देणाऱ्या लेखांत एक अचाट माणूस भेटतो. अबुलखैर खान त्याचं नाव. तो पंधराव्या शतकात राज्य उभारतो आणि १७३१ मध्ये रशियाच्या सम्राज्ञीपुढे मान तुकवतो. तीनशे वर्षं जगला की काय?

पंधराव्या शतकातला अबुलखैर आपल्याला परका नाही. १५०१ मध्ये बाबराला समरकंदमधून हुसकावणारा शैबानी खान हा त्याचा नातू. आजोबांचा काळ १४२८ ते १४६८. त्यांच्या लोकांना उझबेक म्हणत, पण आजचा उझबेकिस्तान डोळ्यांसमोर आणू नका. ही गवताळ मैदानातली भटकी माणसं. एवढं पुरे.

गल्लत होते ती पुढे. हा अबुलखैर कझाकांचा खान नव्हताच. कझाक म्हणजे त्याला सोडून गेलेले लोक! १४५७ च्या सुमारास ओइरातांनी, म्हणजे पश्चिमेकडच्या मंगोल टोळ्यांनी, त्याला मार दिला, त्याची पत गेली. केरेई आणि जानिबेक हेही चंगीझखानाच्याच वंशातले, पण वेगळ्या शाखेचे. ते आपली माणसं, गुरंढोरं घेऊन पूर्वेला मोगलिस्तानात गेले. तिथल्या खानाने त्यांना चू नदीकाठची कुरणं दिली. कझाक खानतीची, म्हणजे खानाच्या राज्याची, सुरुवात ती हीच. ही हकीकत लिहून ठेवली बाबराच्या मावसभावाने, मिर्झा हैदरने, तीही काश्मीरवर राज्य करत असताना. या सुरुवातीचं त्याने दिलेलं साल हिजरी ८७० म्हणजे १४६५-६६. कझाकस्तानने २०१५ मध्ये ५५० वर्षं साजरी केली ती याच हिशेबाने. मग ज्याच्याविरुद्ध बंड झालं त्यालाच संस्थापक म्हणायचं?

अठराव्या शतकातला अबुलखैर मात्र अस्सल कझाक, आणि गंमत म्हणजे जानिबेकाचाच वंशज. कझाकांचे थोरला, मधला, धाकटा असे तीन झूझ, म्हणजे टोळ्यांचे गट. हा धाकट्याचा खान. १७२३ मध्ये झुंगार (ओइरातांपैकीच) चालून आले, त्यांच्याशी लढून याने नाव कमावलं. मग १७३० मध्ये त्याने सम्राज्ञी आन्नाकडे वकील धाडले. रशियाच्या चाकरीतला तातार तेव्केलेव उत्तर घेऊन छावणीत पोचला, तेव्हा सरदार खवळले: आम्हाला न विचारता हे ठरवलं कुणी? तेव्केलेवच्या जिवावर बेतलं होतं. बुकेनबाई बातिरने (बातिर म्हणजे वीर) बाजू घेतली म्हणून १० ऑक्टोबर १७३१ ला रशियाशी निष्ठेची शपथ पार पडली.

या शपथेला ‘कझाकस्तान रशियात विलीन झाला’ म्हणणं मला अजिबात मान्य नाही. ‘स्वेच्छेने सामील’ हा सोव्हिएत पाठ्यपुस्तकांचा शब्दप्रयोग, तो आपण कशाला मिरवायचा? अबुलखैरला पाठबळ हवं होतं, झुंगारांविरुद्ध आणि घरच्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्धही. बाकीच्या दोन झूझांच्या वतीने शपथ घ्यायचा त्याला अधिकारच नव्हता. रशियाने खानपद मोडीत काढलं ते १८२२ मध्ये मधल्या झूझात आणि १८२४ मध्ये धाकट्यात. अबुलखैरला तर १७४८ मध्ये बराक सुलतानाने ठार केलं.

अक्तोबे शहरात ज्याच्या नावाचा हमरस्ता आहे, तो हाच. लिहिताना नावाशेजारी साल टाका, किंवा पंधराव्या शतकातल्याला ‘शैबानीचा आजोबा’ म्हणा. ‘अबुलखैर पहिला’, ‘अबुलखैर दुसरा’ तेवढं नको. ते एका गादीवर कधी बसलेच नाहीत.