स्लो क्वेरी

उत्तर यायला अवाजवी वेळ लावणारी डेटाबेस क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न. मोठ्या टेबलांत याचे नेहमीचे कारण म्हणजे, दहा-वीस रो (नोंदींच्या ओळी) हव्या असताना डेटाबेस अख्खे टेबल वाचत बसतो. याला फुल टेबल स्कॅन म्हणतात. आधी सर्व्हरची रॅम वाढवली जाते. दुखणे मात्र जादा वाचनाचे असते.

उपाय इंडेक्सचा, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारख्या क्रमवार यादीचा. तो बहुधा बी-ट्री, म्हणजे फांद्या फुटत जाणाऱ्या झाडासारख्या रचनेचा असतो. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांचा त्यावरील निबंध १९७२ साली प्रसिद्ध झाला. एका पानावर ५०० नोंदी धरल्या, तर १०० कोटींच्या टेबलातही चार पाने उलटली की हव्या त्या रोचा ठावठिकाणा लागतो.

त्याच वर्षी १५ ऑगस्टला पिनकोड सुरू झाला. श्रीराम भिकाजी वेलणकरांची ही योजना अनेक कॉलमांचा (रकान्यांचा) इंडेक्स समजावायला फार सोयीची आहे. ४०००२८ मध्ये ४०० पर्यंत वाचले की मुंबई, पुढचे तीन आकडे दादरच्या पोस्टाचे. नुसते ०२८ सांगितले, तर देशभरातली पोस्टे धुंडाळत बसावे लागेल. तसेच ग्राहक क्रमांक आणि बिलाची तारीख या क्रमाने केलेला इंडेक्स एका ग्राहकाची बिले चटकन काढतो. फक्त तारखेने शोधायचे तर सहसा उपयोगी पडत नाही.

कॉलमवर फंक्शन लावले तरी साधा इंडेक्स वाया जातो. तारखेतून वर्ष काढून ते २०२४ शी ताडून पाहण्यापेक्षा '१ जानेवारी २०२४ पासून १ जानेवारी २०२५ च्या आधीपर्यंत' अशी अट घालावी. उलट, बहुतेक ग्राहक मुंबईचेच असतील तर 'शहर = मुंबई' या अटीसाठी डेटाबेस इंडेक्सकडे बघतही नाही, आणि ते बरोबरच आहे; बहुतेक टेबल वाचायचेच असते.

निदान एक्स्प्लेन या आज्ञेने होते; डेटाबेस क्वेरी कशी चालवणार ते ती दाखवते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ चालवल्यावर अंदाजे १० रो आणि प्रत्यक्षात १० लाख असे दिसले, तर टेबलाविषयी डेटाबेसने जपलेली आकडेवारी शिळी झाल्याचा संशय घ्यावा आणि ती ताजी करायला टेबलावर अ‍ॅनालाइझ चालवावे. महिनावार पार्टिशन (टेबलाचे तुकडे करणे) जुना डेटा काढून टाकायला उत्तम. क्वेरीत तारखेची अट नसेल तर वेगासाठी त्याचा फारसा उपयोग नाही.

प्रत्येक इंडेक्समुळे इन्सर्ट (नवी रो घालणे) थोडा जड होतो, म्हणून दिसेल त्या कॉलमवर तो टाकू नये. चालू टेबलावर टाकताना पोस्टग्रेसमध्ये 'कॉन्करंटली' लिहावे लागते. अंधेरीहून संध्याकाळची लोकल गाठायच्या घाईत ते राहून गेले, तर इंडेक्स पुरा होईपर्यंत टेबलात एकही नवी रो जात नाही, फोन सुरू होतात आणि लोकल जाते.