लिलावातली जीप: आपल्याकडच्या जुन्या फोर बाय फोरची कुळकथा

महाराष्ट्रात जुनी फोर बाय फोर बाळगणाऱ्या दोन माणसांची गाठ पडली की पहिले प्रश्न ठरलेले असतात. गाडी कुठल्या खात्याच्या लिलावातली? आत्ता इंजिन कुठलं आहे? आणि पासिंग कधीपर्यंत आहे? रंग, टायर, विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारा रहाट) या गोष्टी नंतर. प्रश्नांचा हा क्रम आपल्या जीपच्या इतिहासातून आला आहे. आपल्याकडे ही गाडी आठवण म्हणून कुणी झाकून ठेवली नव्हती. ती पन्नास-साठ वर्षं राबली, आणि राबून जी उरली तिच्यावर पुढे शौकिनांचा जीव जडला.

कुळाचा मूळ पुरुष अमेरिकेतला. १९४० साली तिथल्या लष्कराला हलकी, चारही चाकांना ताकद देणारी टेहळणीची गाडी हवी होती, आणि तीही घाईघाईने. अमेरिकन बँटम नावाच्या छोट्या, डबघाईला आलेल्या कंपनीने कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याकडून आराखडा करून घेतला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदत संपता संपता, मेरीलँडमधल्या होलाबर्ड छावणीत नमुना आणून उभा केला. लष्कराला गाडी आवडली, कंपनीच्या आवाक्याबद्दल मात्र शंका होती. म्हणून तोच आराखडा विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड यांनाही दाखवला गेला. विलीजकडे बार्नी रूस याने घासूनपुसून दमदार केलेलं ६० अश्वशक्तीचं इंजिन होतं, त्यावर बाजी फिरली. युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्डने मिळून सुमारे साडेसहा लाख जीपा बनवल्या. जिच्या डोक्यातून कल्पना निघाली त्या बँटमच्या वाट्याला शेवटी मुख्यतः जीपमागे जोडायचे ट्रेलर आले.

या दोन कंपन्यांच्या जीपा दिसायला जुळ्या, पण शौकिनाला फरक कळतो. फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा, ‘एफ’ हे अक्षर उठवलं होतं. पुढच्या जाळीखालची चेसिसची आडवी पट्टी विलीजमध्ये गोल नळीची आणि फोर्डमध्ये चौकोनी. युद्धकाळातली गाडी विकायला आहे असं कळलं की जाणता माणूस आधी गुडघ्यावर बसून ही पट्टी बघतो, मग बॉनेट उघडतो. अर्थात लष्कराच्या वर्कशॉपमध्येच दोन्हींचे भाग एकमेकींत इतके मिसळले होते की निर्भेळ गाडी मिळणं अवघडच.

ब्रह्मदेशाच्या आघाडीमुळे अशा जीपा पूर्व भारतात मोठ्या संख्येने आल्या. युद्ध संपल्यावर त्या परत नेण्यापेक्षा विकून टाकणं स्वस्त पडलं. चहामळे, जंगलाचे ठेकेदार, संस्थानिक आणि शिकारी यांच्या हाती पहिल्या जीपा पडल्या त्या अशा. म्हणजे भारतातल्या खाजगी जीपमालकीची सुरुवातच लष्कराने काढून टाकलेल्या मालातून झाली. पुढची ऐंशी वर्षं हाच पायंडा चालला.

इथे मुंबई गोष्टीत येते. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र हे महिंद्रा बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी १९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. कैलासचंद्र युद्धकाळात अमेरिकेत भारताच्या पुरवठा मोहिमेवर होते आणि तिथेच त्यांची बार्नी रूसशी भेट झाली, असं सांगतात. सुट्या भागांच्या पेट्या बोटीने आणून माझगावला जीपा जोडायला सुरुवात झाली. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापासून भाग इथेच घडू लागले, आणि काम पुढे कांदिवली आणि नाशिकपर्यंत पसरलं. इगतपुरीत इंजिनं बनू लागली. जुन्या जीपचे जाणते मेस्त्री आणि भागांचे दुकानदार या पट्ट्यात इतके का सापडतात, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

आपल्याकडे रुजलं ते मॉडेल म्हणजे सीजे-३बी. विलीजने १९५३ मध्ये ते काढलं. नवं एफ-हेड (एक व्हॉल्व्ह वर डोक्यात असलेलं) ‘हरिकेन’ इंजिन जुन्यापेक्षा उंच होतं, जुन्या बॉनेटखाली मावत नव्हतं. कंपनीने सरळ बॉनेट वर उचललं. अमेरिकेत या उंच कपाळाच्या जीपला कुणी देखणी म्हटलं नाही. तिथे १९६८ पर्यंत साधारण दीड लाख गाड्या निघून मॉडेल बंद झालं. जपानमध्ये मित्सुबिशीने परवान्याखाली तोच साचा १९९८ पर्यंत चालवला. आणि आपल्याकडे? कंपनीने नावं बदलली, इंजिनं बदलली, बॉनेट पुन्हा खाली आणलं, तरी मडगार्डांची सपाट ठेवण, पाट्यांवरची (लीफ स्प्रिंगवरची) बैठक आणि शिडीसारखी चेसिस तीच राहिली. एमएम ५४०, एमएम ५५०, कमांडर, मेजर अशी वंशावळ २०१० च्या पहिल्या थारपर्यंत येते. त्या थारमध्ये पुढचे पाटे जाऊन स्वतंत्र सस्पेन्शन आलं, तरी मागचे पाटे कायम होते.

मला या सगळ्या इतिहासातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. बंद अर्थव्यवस्थेत कंपनीला मॉडेल बदलायची निकड नव्हती, ग्राहकाला पर्याय नव्हता. त्या काळी ही रड होती. आज तिचाच फायदा होतो: कुठल्याशा दशकातल्या जीपला दुसऱ्याच दशकातला भाग थोड्याफार घासाघिशीने बसतो. ब्रेकचे सिलिंडर, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, क्राऊन-पिनियन, ऑइल सील यांतलं बरंच काही मुंबईत कुर्ल्याला किंवा पुण्यात नाना पेठेत विचारत फिरलं की हाती लागतं. युरोपातल्या एखाद्या दुर्मिळ गाडीचा मालक एका सीलसाठी महिनाभर वाट पाहतो. आपला माणूस त्याच संध्याकाळी गाडी जमिनीवर घेतो.

पण भाग मिळाला म्हणजे काम झालं असं नाही. पुढच्या ॲक्सलचं उदाहरण घ्या. चाक वळतं तिथे एक बंद गोळा असतो. त्याच्या आत ग्रीसमध्ये जॉइंट फिरतो, आणि वर-खाली किंगपिनच्या (चाक ज्याभोवती वळतं त्या खुंटीच्या) दोन बेअरिंगांवर सगळा भार असतो. बेअरिंग झिजली की चाळीसच्या वेगाला एखाद्या खड्ड्यावरून जाताच स्टेअरिंग असं थरथरतं की नवखा माणूस गाडी सोडून पळेल. बहुतेक जण आधी टायर बदलतात, मग स्टेअरिंग डँपर लावतात. खरा इलाज किंगपिनच्या टोपणाखालच्या पातळ पत्र्याच्या चकत्यांत असतो. एक चकती काढली की बेअरिंग आवळतं, दोन काढल्या तर चाक वळेनासं होतं. पुस्तकात त्यासाठी ताणकाट्याने मोजायचं माप दिलं आहे. जुना मेस्त्री गोळा मोकळा करतो, दोन्ही हातांनी हळूच फिरवतो, मान हलवतो आणि आणखी एक चकती काढतो. ही हातोटी कुठल्याही दुकानात मिळत नाही, आणि शौकिनांचे गट टिकतात ते बरेचसे अशा मेस्त्र्यांचे पत्ते एकमेकांना देण्यावर.

आता लिलावाकडे वळू. स्वातंत्र्यानंतर जीपचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक होतं सरकार. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या आणि तालुक्यातालुक्यात गटविकास अधिकाऱ्याच्या कचेरीसमोर जीप उभी राहिली. तहसीलदार, वनखातं, पाटबंधारे, आरोग्यखातं, साखर कारखाने, सगळ्यांकडे तीच. निवडणुकीच्या पेट्या तिच्यातून गेल्या, दुष्काळी कामांचे मजुरीचे पैसे तिच्यातून आले. गाडी खात्याच्या कामातून बाद झाली की लिलाव व्हायचा. घेणारा बहुधा शेतकरी, ठेकेदार नाहीतर वडापवाला. सातारा-कोल्हापुरात वडाप, विदर्भ-मराठवाड्यात काळी-पिवळी म्हणून जीपने मग दुसरा जन्म काढला, आत दहा आणि मागे लटकून चार माणसं घेऊन.

लष्कराचा लिलाव हा वेगळाच प्रकार. जबलपूरच्या कारखान्यात निसान कंपनीच्या ‘पट्रोल’ (Patrol) या गाडीच्या परवान्यावर बनलेली जोंगा तिथून यायची. सहा सिलिंडरचं, जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन, ओढ अशी की चढ संपतो पण दम संपत नाही, आणि पेट्रोलचा काटा डोळ्यांदेखत खाली येतो. नव्वदीत लष्कराने मारुती जिप्सी घ्यायला सुरुवात केली आणि यथावकाश त्याही लिलावात उतरल्या. आज डोंगरवाटांवर दिसणाऱ्या कितीतरी जिप्सींच्या पत्र्यावर खरवडलं तर खाली लष्करी हिरवा निघतो.

पेट्रोलच्या या भुकेनेच आपल्या जीपचं रूप कायमचं बदललं. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलवरची हरिकेन जीप पोसणं शेतकऱ्याला परवडेना. कंपनीने पुढे प्यूजोच्या परवान्यावरची डिझेल इंजिनं आणली, आपल्या ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंटरनॅशनल इंजिनही जीपमध्ये बसवलं. पण गावोगावच्या गॅरेजांनी कंपनीची वाट पाहिली नाही. बजाज टेम्पोच्या मॅटाडोरमधलं मर्सिडीज वंशाचं इंजिन काढा, माउंटिंग वेल्ड करा, बेल हाउसिंगला (इंजिन आणि गिअरबॉक्स यांमधल्या कवचाला) जोडपट्टी बनवा, झाली डिझेल जीप. तिकडे पंजाब-हरियाणाच्या सीमेवरच्या मंडी डबवालीत तर जुन्या जीपा खोलून नव्याने बांधण्याचा धंदाच उभा राहिला. दार्जिलिंगजवळ मानेभंज्यांग ते संदकफू या वाटेवर चहामळ्यांच्या काळातल्या लँड रोव्हर आजही प्रवासी नेतात, आणि त्यांच्यातल्या अनेकींच्या पोटातही आता देशी डिझेल आहे. गंमत म्हणजे लँड रोव्हरचा जन्मच मॉरिस विल्क्स याच्या शेतावरच्या जुन्या विलीज जीपकडे पाहून, १९४८ मध्ये झालेला.

छंद म्हणून जीप बाळगणं आपल्याकडे खऱ्या अर्थाने नव्वदीनंतर सुरू झालं. गावात सुमो आली, ट्रॅक्स आली, बोलेरो आली, जीप स्वस्त झाली, आणि शहरातल्या पगारदारांच्या हाती थोडा पैसा आला. महिंद्रानेच मालकांना चिखलात बोलावणारे मेळावे भरवायला सुरुवात केली. २०११ मध्ये इगतपुरीला ऑफ-रोडिंग शिकवणारी अकादमी निघाली. मूळ मलेशियातली रेनफॉरेस्ट चॅलेंज ही स्पर्धा २०१४ च्या पावसाळ्यात गोव्यात उतरली. गोव्यात जीपचं आणखी एक, जास्त जुनं आणि कमी गाजावाजाचं नातं आहे. कुळेहून दूधसागरला जाणाऱ्या जीपा ओढे पार करत पर्यटक नेतात. माझं प्रामाणिक मत, चॅम्पियन गाडीपेक्षा कुळेच्या एखाद्या जीपखाली सरपटून बघितलं तर देखभालीबद्दल जास्त शिकायला मिळतं. श्वासनळी म्हणून ॲक्सलच्या भोकातून वर नेलेली साधी रबरी नळीसुद्धा शिकवून जाते. गरम ॲक्सल थंड पाण्यात बुडाला की हवा आत खेचतो. नळी वर नसेल तर हवेऐवजी पाणी आत जातं आणि ऑइलचं ताक होतं.

पंधरा-वीस वर्षांत शौकिनांमध्ये दोन पंथ पडले. एकाला गाडी कारखान्यातून आली तशी हवी, सहा व्होल्टच्या दिव्यांसकट. दुसऱ्याला मोठे टायर, पॉवर स्टेअरिंग, डिस्क ब्रेक आणि नवं डिझेल हवं. वाद चवीचा होता तोवर चालून गेला. मग त्यात कायदा आला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ पूर्वीपासून होतंच. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येणार नाही. आरसी बुकात पेट्रोल आणि बॉनेटखाली मॅटाडोर, अशा पिढीजात गाड्यांचे मालक त्या दिवसापासून पासिंगला जाताना घाम पुसतात. तिथे पहिली परीक्षा चेसिस नंबरची. पट्टीवरचा गंज पॉलिश पेपरने घासायचा, वर पातळ कागद धरायचा, पेन्सिल आडवी फिरवायची आणि एकेक आकडा उमटतो का ते बघायचं. अर्ध्या शतकाच्या शेणामातीने एखादा आकडा खाल्ला असेल तर पुढचे सगळे कागद अडले.

२०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी नोंदणी क्रमांकांची वेगळी ‘व्हीए’ मालिका आणली. नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला ५,०००. अट अशी की चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नको, आणि गाडी रोजच्या वापरात नको. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर. राजवाड्यातल्या पॅकार्डसारख्या जुन्या आलिशान मोटारीला ही योजना शोभते. तीन मालक, दोन इंजिनं आणि एक वडाप परमिट पाहिलेल्या जीपला ती क्वचितच बसते. मग उरतो नेहमीचा रस्ता: पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी, पर्यावरण कर, आणि एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपयांवर गेलेलं शुल्क. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी ते १०,००० झालं.

या सगळ्यांपेक्षा दूरगामी बदल मात्र फारशा चर्चेविना झाला. जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेनुसार १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी वाहनांची नोंदणी रद्द होते आणि ती नोंदणीकृत भंगार केंद्रातच जातात. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या विशेष कामाची वाहनं तेवढी वगळली आहेत. म्हणजे पंचायत समितीच्या आवारात चिंचेखाली उभी असलेली जीप आता बोली लावून चालत्या स्थितीत घरी आणता येत नाही. ज्या झऱ्यावर हा छंद पोसला गेला तो तिथे आटला आहे, आणि त्याचा परिणाम बाजारात दिसतो. साध्या एमएम ५४० चे कागद स्वच्छ असतील तर विकणारा आधी गाडी दाखवत नाही, आरसीचा फोटो पाठवतो आणि भाव त्याखाली लिहितो.