प्लास्टिक सर्जनचा हात कुठे बसला, हे विचारून घ्या

ग्राहकांसाठी माहितीपत्रक
(भाजलेल्या व शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांसाठी मापाचे प्रेशर गारमेंट (व्रण दाबून ठेवणारे घट्ट कपडे), सिलिकॉन शीट आणि स्प्लिंट करून देणारी पेढी, कोल्हापूर)

माप घेत असताना आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "आमच्या भावकीतल्या एकाचा हात असाच भाजला होता. त्याला मांडीची कातडी लावली. मग आमच्या डॉक्टरांनी हात पोटाला शिवून तीन आठवडे का ठेवला?" पुष्कळदा कारण जखमेतच असते. हाड किंवा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) उघडी पडली असेल तर नुसती पातळ कातडी तिथे धरत नाही. तिला खालून रक्त मिळावे लागते आणि उघड्या हाडाकडून ते मिळत नाही. अशा ठिकाणी स्वतःचा रक्तपुरवठा असलेला जाड तुकडा, म्हणजे फ्लॅप, आणून लावावा लागतो.

कधी कधी मात्र जखम सारखी असते आणि तरी दोन सर्जन दोन वाटांनी जातात. दोघांपैकी एकाचे चुकलेच असेल असे नाही. दोघे वेगवेगळ्या ठिकाणी शिकलेले असतात. आम्ही डॉक्टर नाही. पण टाके निघाल्यानंतरचे वर्ष-दीड वर्ष रुग्ण आमच्याकडे येत राहतो. त्यामुळे कोणत्या हाताचे काम पुढे कसे बसते, ते रोज डोळ्यांसमोर असते. सर्जन निवडताना लोक ओळखीच्या माणसाचा शब्द घेतात, फीचा आकडा ऐकतात आणि डॉक्टरांनी कुठे काय शिकले हे विचारायचे राहून जाते. हे पत्रक त्यासाठी आहे.

दोन मोठे रस्ते

एमबीबीएसची साडेचार वर्षे आणि इंटर्नशिपचे एक वर्ष सगळ्यांना सारखेच. जुना आणि जास्त चाललेला रस्ता असा: आधी तीन वर्षे एमएस जनरल सर्जरी, मग पुन्हा प्रवेश परीक्षा आणि तीन वर्षे प्लास्टिक सर्जरीची एमसीएच (विद्यापीठाची पदवी) किंवा डीआरएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची तिच्या तोडीची पदवी). दुसरा रस्ता एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांच्या डीआरएनबीचा. त्यातही सुरुवातीचा काळ जनरल सर्जरी आणि आसपासच्या विभागांत जातो, पण आपण प्लास्टिक सर्जन होणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेले असते. कोणत्याही रस्त्याने गेले तरी साडेअकरा वर्षांच्या आत कुणी पोचत नाही.

वर्षे सारखी असली तरी हाताला लागणारे वळण वेगळे असते. एमएस करून आलेल्याने रात्री दोनला फुटलेले आतडे शिवलेले असते, रक्तस्राव थांबवलेला असतो, आयसीयूतला रुग्ण हातातून निसटताना पाहिलेला असतो. गुऱ्हाळावर उकळत्या रसाच्या काहिलीत पडून निम्मे अंग भाजलेल्या माणसाला पहिल्या दिवशी सलाइन किती आणि कोणत्या वेगाने द्यायचे, जंतुसंसर्ग कधी ओळखायचा, यावर त्याचा जीव टांगलेला असतो. कातडीचा प्रश्न नंतरचा. तिथे जनरल सर्जरीची तीन वर्षे फार मोलाची ठरतात. थेट आलेल्याची नजर लवकर कातडीवर बसते. चेहऱ्यावरचा चिरा कोणत्या रेषेत घ्यावा, म्हणजे व्रण सुरकुतीत लपेल, हा विचार तो अधिक काळ करत आलेला असतो.

हा वाद आपल्याकडचाच आहे असे नाही. अमेरिकेतही एकत्रित सहा वर्षांचा कार्यक्रम आहे आणि आधी जनरल सर्जरी पूर्ण करून मग तीन वर्षे प्लास्टिक सर्जरी हाही मार्ग आहे. आमचे मत विचाराल तर दहा-बारा वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर रस्त्याचा फरक पुसट होत जातो. त्या वर्षांत रोज कोणते काम हातून गेले, ते मात्र दिसत राहते. कोल्हापूरच्या मोतीबाग आणि गंगावेश या दोन तालमींतले मल्ल जाणत्या माणसाला पकडीवरून ओळखू येतात, पण मैदान मारायचे ते रोजच्या मेहनतीवरच.

शिकण्याची जागाही तितकीच महत्त्वाची. मोठ्या सरकारी रुग्णालयात भाजलेले, अपघातातले, दुभंगलेल्या ओठांचे रुग्ण ओघाने येतात. तिथे शिकलेल्याच्या हातून अशी कामे भरपूर गेलेली असतात, पण नाक सुबक करणे किंवा पोटाची चरबी काढणे तिथे साधारणपणे कमी. म्हणून पुष्कळ जण पुढे त्या एका कामाची फेलोशिप करतात. कर्करोगानंतर जबडा नव्याने घडवायचा तर पायाचे हाड रक्तवाहिन्यांसकट आणून मानेतल्या वाहिन्यांना जोडावे लागते. हे जिथे सतत होते, तिथेच ते शिकता येते.

हे सगळे पूर्वीपासून असेच

१७९४ साली लंडनच्या एका मासिकात पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेचे वर्णन चित्रासह छापून आले. टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला कपाळाच्या कातडीचे नवे नाक करून दिले होते, वीटकाम करणाऱ्या समाजातल्या एका मराठी माणसाने. त्याच्याकडे पदवी नव्हती, पण परंपरेने आलेली विद्या होती. ते वाचून इंग्लंडमध्ये जोसेफ कार्प्यूने १८१४ साली तशीच शस्त्रक्रिया केली. कपाळाचा तो फ्लॅप आजही वापरतात. पहिल्या महायुद्धात सैनिकांचे चेहरे घडवणारे हॅरल्ड गिलीज मुळात कान-नाक-घशाचे सर्जन होते आणि जबड्यांसाठी त्यांनी दंतवैद्यांना सोबत घेतले. त्यांच्याकडे शिकून आलेल्या डॉ. नोशिर अंतिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हा विभाग उभा केला आणि कुष्ठरुग्णांचे वाकडे झालेले हात-चेहरे सुधारण्यात आयुष्य घातले. लष्करी जखमांवर तयार झालेली विद्या त्यांनी अशा माणसांपर्यंत नेली, ज्यांना शिवायलाही लोक तयार नव्हते. आम्हाला या सगळ्यांत तेच काम सर्वांत मोठे वाटते.

शेजारच्या विद्यांचे सर्जन

नाक, जबडा, त्वचा, हात ही फक्त प्लास्टिक सर्जनची मिरास नाही. ईएनटी सर्जन नाकाला हात घालतो तेव्हा आतला पडदा आणि श्वास आधी पाहतो. बीडीएसनंतर एमडीएस (दोन्ही दंतवैद्यकाच्या पदव्या) केलेला जबड्याचा सर्जन मोडलेल्या जबड्यात आधी दातावर दात बसतो का ते पाहतो, आणि तेच बरोबर आहे. दात जुळले नाहीत तर चेहरा बाहेरून कितीही नीट दिसला तरी भाकरी चावता येत नाही. फुगलेल्या व्रणात इंजेक्शन, लेसर, मुरमांचे खड्डे ही त्वचारोगतज्ज्ञाची रोजची कामे. तालुक्याच्या गावी साधी कातडी जनरल सर्जन लावतो आणि चांगली लावतो. मात्र मान, काख, कोपर, बोटांची पेरे अशा सांध्यांवर भाजले असेल तर जखम भरेपर्यंत थांबू नका, आधीच प्लास्टिक सर्जनचे मत घ्या. मान आखडून हनुवटी छातीला चिकटल्यावर गारमेंटने ती सुटत नाही, पुन्हा शस्त्रक्रियाच लागते.

बोट किंवा हात तुटला तर

शिरोलीची फाउंड्री, गोकुळ शिरगावचे प्रेस, इचलकरंजीचे माग, उसाचा चरक. आपल्या जिल्ह्यात हे प्रसंग येतात, म्हणून इथे थोडे सविस्तर. बोटाची रक्तवाहिनी जेमतेम एक मिलिमीटरची असते. ती सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने शिवतात. हे शिकताना सर्जन कोंबडीच्या तंगडीतल्या शिरांवर किंवा उंदरांवर दिवसेंदिवस सराव करतात. पदवी असूनही ज्याचे हे काम सुटले आहे त्याच्याकडे जाऊन उपयोग नाही. कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलसारख्या ठिकाणी केवळ हाताच्या कामासाठी देशभरातून सर्जन शिकायला जातात. ऑर्थोपेडिक्समधून हातांकडे वळलेलेही चांगले असतात. म्हणून फोनवर पहिला प्रश्न एवढाच विचारा: "तुमच्याकडे तुटलेले बोट जोडतात का, आणि आत्ता डॉक्टर आहेत का?"

तुटलेला भाग सलाइनने ओल्या केलेल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या डब्यात ठेवा. बर्फ थेट लावू नका, पाण्यात बुडवू नका, हळद-चुना तर अजिबात नको. बोटात स्नायू नसतो, त्यामुळे नीट थंड ठेवलेले बोट बारा तासांनंतरही जोडता येऊ शकते. मनगटाच्या वर तुटले असेल तर सुमारे सहा तासांत रक्त सुरू व्हावे लागते. चरकात चेंगरलेला हात पुष्कळदा जोडण्यासारखा राहत नाही. तेव्हा सर्जन नाही म्हणाले तर त्यांच्यावर राग धरू नका.

पाटीवरची अक्षरे

'कॉस्मेटिक सर्जन' ही पाटी आहे, त्या नावाची वेगळी एमसीएच पदवी नाही. केस लावण्यासारख्या कामांबाबत राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितले की कार्यशाळा पाहून किंवा यूट्यूबवरून शिकणे हे पुरेसे प्रशिक्षण नव्हे. पाटीवर एमसीएच किंवा डीआरएनबी (आधीच्या बॅचना डीएनबी) आहे का ते पाहा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे ती पदवी नोंदलेली आहे का विचारा. जबड्याच्या सर्जनची नोंद दंत परिषदेकडे असते. आणि मग तोंडावर विचारा: हे काम तुम्ही किती वेळा करता, बिघडले तर पुढे काय करता, रात्री कुणाला फोन करायचा? चांगल्या सर्जनला या प्रश्नांचा राग येत नाही. राग आला तर आम्ही दुसरे मत घ्यायला सांगू.

आम्ही कुणा डॉक्टरांचे नाव सुचवत नाही आणि कुणाकडून कमिशन घेत नाही.

मापाला येताना डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची नोंद आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणा. जखम पूर्ण भरल्याशिवाय आम्ही माप घेत नाही. गारमेंट अंघोळीपुरते काढून दिवसाचे तेवीस तास घालायचे, आणि दोन जोड लागतात: एक अंगावर, एक धुण्यात. लहान मुलांचे माप दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा घ्यावे लागते. त्या मापाचे पैसे आम्ही घेत नाही.